दोन ठिपके, दोन कृष्णविवरे?

प्रश्न : दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या केंद्रांतील कृष्णविवरांची जोडी बनते, असे वाचले. कृष्णविवर दिसतच नसेल, तर रेडिओ दुर्बिणीला ती दोन आहेत हे कसे कळते? पुण्याला जाताना नारायणगावजवळ लागणाऱ्या खोडदच्या दुर्बिणीला ते जमेल का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : कृष्णविवर दिसत नाही हे खरे, परंतु त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या वायूमुळे त्याच्या लगतच्या भागातून अतिवेगवान कणांचे झोत बाहेर पडतात आणि त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओलहरी सोडतात. मिसळणाऱ्या दीर्घिकांच्या केंद्राभोवती दाट धूळ जमते. तिच्यात दृश्य प्रकाश अडतो, रेडिओलहरी मात्र पार होतात.

खरी अडचण दोन बिंदू सुटे दिसण्याची आहे. सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ०४०२+३७९ या दीर्घिकेतील दोन कृष्णविवरांमध्ये अवघे २४ प्रकाशवर्षांचे अंतर आहे. ती वेगळी ओळखणे म्हणजे मुंबईत पाच मिलिमीटरवर ठेवलेले दोन मूग नाशिकहून सुटे पाहणे. दुर्बिणीच्या अँटेना जितक्या दूरवर पसरलेल्या, तितका बारीक तपशील दिसतो. खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असल्या तरी त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा असल्याने ही जोडी तिथून एकच ठिपका दिसेल. २००६ साली ती ओळखता आली, ती हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत आठ हजार किलोमीटरवर पसरलेल्या व्हीएलबीए या दहा अँटेनांच्या अमेरिकी संचामुळे.

तरीही दोन ठिपके दिसले म्हणजे दोन कृष्णविवरे सापडली, असे मुळीच नाही, आणि माझ्या मते या शोधातील सर्वांत कसोटीचे काम हेच आहे. दुसरा ठिपका पहिल्याच कृष्णविवराच्या झोतातील तेजस्वी गाठ असू शकतो. म्हणून तीच जागा अनेक वारंवारतांवर तपासतात : वारंवारता वाढत गेली की गाठीचे तेज झपाट्याने घटते, कृष्णविवरालगतच्या गाभ्याचे फारसे घटत नाही. ०४०२+३७९ मधील दोन्ही ठिपके या परीक्षेत उतरले. पुढे बारा वर्षांच्या निरीक्षणांची तुलना करून २०१७ साली त्यांची परस्परांभोवतीची अतिमंद हालचालही मांडण्यात आली. एका फेरीला सुमारे ३०,००० वर्षे लागतात. त्याच वर्षी एनजीसी ७६७४ या दीर्घिकेत एकमेकांपासून जेमतेम एका प्रकाशवर्षावर असलेल्या कृष्णविवरांची जोडी असल्याचा दावा झाला होता, मात्र नंतरच्या निरीक्षणांत त्याला दुजोरा मिळाला नाही.

खोडदच्या दुर्बिणीला एकमेकांपासून खूप दूर असलेल्या कृष्णविवरांच्या जोड्या नक्कीच जमतील. ३सी ७५ या रेडिओस्रोतातील दोन कृष्णविवरे एकमेकांपासून सुमारे २५,००० प्रकाशवर्षे अंतरावर असून दोघांचेही झोत स्वतंत्र आहेत. अशी जोडी सुटी पाहायला २५ किलोमीटरचा पसारा पुरतो.