टॅबलेटची तक्रार गणपतीआधी दाखल करा

धायरीहून एका शिक्षिकेने लिहिलं आहे: एप्रिल २०२४ मध्ये तपकीर गल्लीतून टॅबलेट घेतला. १ सप्टेंबर २०२४ ला त्यावर सॉफ्टवेअर अपडेट घेतला आणि त्याच संध्याकाळपासून ऑटो ब्राइटनेस (उजेडाप्रमाणे स्क्रीनची चमक आपोआप बदलणं) बिघडला. ट्यूबलाइटखाली मुलांना शिकवताना स्क्रीन मध्येच काळवंडते, रात्री अंधारात डोळे दिपवते. कंपनी आधी 'पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल' म्हणत राहिली, आता 'वॉरंटी संपली' म्हणते. 'यंदाचे गणपती झाले की ग्राहक आयोगात जाते, चालेल ना?'

नाही चालणार. फोन, टीव्ही, वॉशिंग मशीन, वस्तू कोणतीही असो, माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं इथेच, मुदतीपाशी, अडकलेली असतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमचं कारण घडलं १ सप्टेंबर २०२४ ला. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले होते. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे मूर्ती घरात येण्याआधीच तुमची मुदत संपलेली असेल. ३१ ऑगस्ट हा शेवटचा दिवस धरा.

मेलामेली चालू होती म्हणून मुदत वाढली, असं तुम्ही गृहीत धरलंय. आगीच्या विम्याच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलंय की उशिरा पत्र लिहून त्याला उत्तर मिळवलं, एवढ्याने मुदत लांबत नाही. दोष रोज जाणवतो म्हणून कारण रोज नव्याने घडतं, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, मात्र त्यासाठी सबळ कारण लागतं. 'क्लासच्या गडबडीत राहून गेलं' हे सबळ कारण नव्हे.

आता तुमच्या हलगर्जीपणाबद्दल. दोनदा सर्व्हिस सेंटरला गेलात आणि एकदाही जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याची पावती, घेतली नाहीत! तोंडी आश्वासनाचा कागद होत नाही, बाई. वर टॅबलेट फॅक्टरी रीसेट करून त्यातलं सगळं पुसूनही टाकलंत. उरला तो ३ सप्टेंबर २०२४ चा तुमचा पहिला ई-मेल. वॉरंटी चालू असतानाच तक्रार केली होती, हे त्यानेच सिद्ध होईल. पण मुदत कधी सुरू झाली, हेही तोच ई-मेल सांगेल. त्यामुळे नंतरची सोयीची तारीख पुढे करायचा मोह टाळा. पक्कं बिल, सगळे ई-मेल आणि बिघाडाचे व्हिडिओ जोडा. व्हिडिओ काढण्याआधी स्क्रीन गार्ड उतरवा, नाहीतर उजेड मोजणारा सेन्सर त्यानेच झाकला होता, असं कंपनी म्हणेल.

घरी क्लास घेता म्हणून 'हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येऊ शकतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर कायद्याने त्यातून वगळला आहे, त्यामुळे तो आक्षेप टिकेल असं वाटत नाही. बदली टॅबलेट मिळेल, पैसे परत मिळतील की नुसती दुरुस्ती, हे मात्र आज सांगता येत नाही. दोष अपडेटचा की सेन्सरचा, यासाठी आयोग प्रयोगशाळेची तपासणी मागवू शकतो आणि बरंचसं त्या अहवालावर ठरेल.

कंपनीचं कार्यालय परराज्यात असलं तरी तुम्ही राहता त्या पुणे जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. हे वेळापत्रक पाळलेलं मी फार क्वचित पाहिलंय आणि त्याचा मला दरवेळी संताप येतो. एक गोष्ट तुमच्या हातात आहे: लेखी उत्तराला कंपनीला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा सक्तीची ठरवली आहे. शेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं, तर ते दाखल करून घेण्याला त्याच तारखेला हरकत नोंदवा.

वकिलाची नोटीस आधी पाठवलीच पाहिजे असं नाही. पाठवायची असेल तर याच आठवड्यात पाठवा, पण तिच्या उत्तरासाठी तक्रार अडवून ठेवू नका.