डॅशबोर्ड मांडणे सोपे, चालू ठेवणे अवघड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या दालमिलचा एक्सेलमधला डॅशबोर्ड चौदा चौकटींचा आहे. प्रत्येक चौकट म्हणजे एक टेक्स्ट बॉक्स. आकडा आणि रंग दोन्ही हाताने बदलावे लागतात. लक्ष्य बदलले की कुठे कुठे बदलायचे ते शोधत बसतो. ज्या मुलाने हे केले तो पुण्याला नोकरीला गेला. नव्याने कसे मांडावे? (लेखापाल, लातूर)

चौकटी आधी मोडा. चौकट हाताने काढलेली असते, त्यामुळे नवा केपीआय (कामगिरी मोजण्यासाठी ठरवलेला आकडा) आला की कोणीतरी पुन्हा चित्र काढायला बसते. त्याऐवजी एक केपीआय म्हणजे एक ओळ, असा नियम करा. मग नवा केपीआय वाढवणे म्हणजे एक ओळ भरणे, आणि ते काम तुमच्यानंतर येणारा माणूसही करू शकतो.

एक्सेलच्या फाइलीत चार पाने (शीट) ठेवा. पहिले ‘नोंदी’: तारीख, केपीआयचा कोड, अंश, छेद. दुसरे ‘यादी’: कोड, मराठी नाव, एकक, दिशा, सवलत (लक्ष्यापेक्षा किती मागे राहिले तरी चालेल), आकडा कोण देणार. तिसरे ‘लक्ष्य’: कोड, कधीपासून लागू, लक्ष्य. चौथे ‘दर्शनी’, म्हणजे मालक बघतात ते पान. दर्शनी पानावर एकही आकडा टाइप करायचा नाही. पहिली तिन्ही पाने कंट्रोल आणि टी दाबून टेबल करून घ्या, म्हणजे खाली ओळ वाढली की सूत्रे आपोआप तिथपर्यंत पोचतात.

‘दिशा’ हा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि रंगांचा घोळ तिथूनच सुरू होतो. डाळीचा उतारा जास्त असलेला बरा, म्हणून दिशा १. उधारी वसुलीचे दिवस कमी असलेले बरे, म्हणून दिशा उणे १. प्रत्यक्ष आकड्यातून लक्ष्य वजा करून दिशेने गुणले की एकच सूत्र सगळ्या ओळींना चालते. उत्तर शून्य किंवा जास्त आले तर हिरवा, उणे पण सवलतीच्या आत असेल तर पिवळा, त्याच्याही खाली गेले तर लाल. समजा उताऱ्याचे लक्ष्य ७२ टक्के, प्रत्यक्ष ७१.२ आणि सवलत १. फरक उणे ०.८, म्हणजे पिवळा. वसुलीचे लक्ष्य ३० दिवस, प्रत्यक्ष ४१ आणि सवलत ५. फरक ११, उणे एकने गुणल्यावर उणे ११, म्हणजे लाल.

या निकालाचा वेगळा रकाना करून त्यात हिरव्याला ३, पिवळ्याला २ आणि लालला १ असा अंक येऊ द्या आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमधला आयकॉन सेट (आकड्यानुसार रंगीत खुणा दाखवणारी सोय) त्या अंकावरच लावा. इथे एक्सेल हमखास फसवते. आयकॉन सेटच्या मर्यादा मुळात ६७ आणि ३३ टक्के अशा असतात, पण ते टक्के तुमच्या लक्ष्याचे नसतात. निवडलेल्या सेलमधल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांमधल्या अंतराचे ते टक्के असतात. त्यामुळे सगळा महिना वाईट गेला तरी त्यातल्या त्यात बऱ्या दिवसाला हिरवा मिळतो. आणि एकाच सेलवर सेट लावला असेल तर तिथे कायम हिरवाच दिसतो. नियम उघडून प्रकार ‘परसेंट’वरून ‘नंबर’ करा, मर्यादा ३ आणि २ ठेवा, ‘शो आयकॉन ओन्ली’वर खूण करा. आकारही वेगवेगळे असलेला सेट निवडा. काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तो कोणालाच दिसत नाही.

लक्ष्याचे पान वेगळे का, तर एप्रिलमध्ये लक्ष्य ७२ वरून ७३ केले म्हणून मागच्या डिसेंबरचा हिरवा महिना पिवळा होता कामा नये. जुनी ओळ खोडू नका, खाली नव्या तारखेची ओळ घाला. मॅक्सइफ्स या सूत्राने त्या महिन्यापर्यंतची शेवटची लागू तारीख काढायची आणि त्या तारखेचे लक्ष्य समइफ्सने उचलायचे.

नोंद आली नसेल तर शून्य दाखवू नका. उताऱ्यासारख्या ओळीत शून्याला लाल रंग लागतो आणि मालक मिलमध्ये फोन लावतात. तिथे ‘नोंद नाही’ असे शब्द येऊ द्या. निकालाच्या रकान्यातही अंकाऐवजी तेच शब्द आले की आयकॉन आपोआप गळतो. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, तेही पानाच्या वर मोठ्या अक्षरात हवे. आम्ही तर म्हणू, एक केपीआय कमी दाखवा पण ही तारीख दाखवाच. शिळा आकडा ताजा समजून घेतलेला निर्णय महागात पडतो.

बारीक गोष्टी. दर्शनी पानावर सेल मर्ज करू नका, पुढे सॉर्ट करताना अडते. शीर्षक मधोमध हवे असेल तर ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे. दुसऱ्या पानावरून आकडा शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप सूत्रात रकान्याचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे मध्ये एक रकाना घातला तरी चुकीचा आकडा येतो आणि कळतही नाही. इंडेक्स-मॅच वापरा. एक्सलुकअप त्याहून सोपे आहे, पण ते २०१६ आणि २०१९ च्या एक्सेलमध्ये नाही, आणि मॅक्सइफ्स २०१६ च्या एकदाच पैसे भरून घेतलेल्या प्रतीत नाही. आधी ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर कोणते एक्सेल आहे ते पाहा. कल दाखवायला स्पार्कलाइन (एका सेलमध्ये मावणारा छोटा आलेख) पुरते. मात्र प्रत्येक स्पार्कलाइनची पट्टी मुळात वेगळी असते, त्यामुळे अर्ध्या टक्क्याचा चढउतार दहा टक्क्यांएवढा उंच दिसतो. अक्षाची किमान-कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्या.

प्रश्न : कारखान्याच्या डॅशबोर्डवर रोजच्या साखर उताऱ्याची सरासरी घेतो, पण ती लॅबच्या ‘आजअखेर’ उताऱ्याशी कधीच जुळत नाही. सूत्र कुठे चुकते? (संगणक विभाग, साखर कारखाना, जि. बीड)

सूत्र बरोबर आहे, टक्क्यांची सरासरी घेणे चूक आहे. एका दिवशी ३,००० टन गाळप झाले आणि उतारा १० टक्के आला: साखर ३०० टन. दुसऱ्या दिवशी ऊस कमी आला, १,००० टन गाळप, उतारा ८ टक्के: साखर ८० टन. दोन उताऱ्यांची सरासरी ९. खरा उतारा ३८० भागिले ४,०००, म्हणजे ९.५. गाळप जितके कमीजास्त, तितका फरक मोठा. म्हणूनच वरच्या उत्तरात नोंदींच्या पानावर अंश आणि छेद हे वेगळे रकाने सांगितले. टक्के साठवायचे नाहीत. आठवडा असो, महिना असो की आजअखेर, आधी दोन्हींची बेरीज आणि शेवटी एकदाच भागाकार. प्रक्रियेतली साखर लॅब कशी धरते तेही विचारून घ्या. ती त्यांनी धरली आणि तुम्ही सोडली, तर एवढे करूनही आकडे जुळणार नाहीत.

एक ‘दिनदर्शिका’ पानही करा, प्रत्येक तारखेला एक ओळ: महिना, आठवडा, आर्थिक वर्ष, साखर हंगाम. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते, साखर वर्ष १ ऑक्टोबरला. ही तारीख सूत्रात कोंबून ठेवली की दर हंगामाला सूत्रे उघडावी लागतात.

प्रश्न : ठिबक साहित्याच्या विक्रीचा जिल्हावार आलेख २०२३ पासून तुटला आहे. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशा वेगवेगळ्या ओळी येतात. आठचे दहा जिल्हे झाले! (वितरक, जालना)

जुन्या नोंदींत फाइंड-रिप्लेस करण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण जुन्या बिलांवरची नावे तशीच आहेत आणि उद्या ताळा लावताना अडचण येईल. जिल्ह्यांची एक यादी करा. त्यात प्रत्येक नोंदीत येऊ शकणारे नाव एका रकान्यात, त्याचा कायमचा कोड दुसऱ्यात, आणि दर्शनी नाव तिसऱ्यात. ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ या दोन्ही ओळींना कोड एकच. आलेख कोडवर काढायचा, नाव फक्त दाखवण्यापुरते.

नाव बदलणे आणि जिल्हा फुटणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला, तसे पुन्हा झाले तर कोडने भागणार नाही. जुनी विक्री कोणत्या भागातली हे कळायला तालुका नोंदलेला हवा. आजपासून तालुक्याचा रकाना भरायला लागा.

हीच अडचण मालाच्या नावांची. ‘तूर’ आणि ‘तुर’ हे एक्सेलसाठी दोन माल आहेत, आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा तिसरा. नाव टाइप करू देऊच नका. डेटा व्हॅलिडेशनने यादीतून निवडायला लावा.

प्रश्न : वाळूजला आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. शॉपफ्लोअरवर ४३ इंची टीव्ही लावून ओईई (मशीनचा वेळ किती सार्थकी लागला हे सांगणारा टक्का) स्पीडोमीटरसारख्या काट्याने दाखवावा, अशी मालकांची इच्छा आहे. एक्सेलमध्ये काटा कसा करावा?

करता येतो: डोनट आणि पाय चार्ट एकमेकांवर बसवून. पण करू नका. रंगांचे पट्टे चार्टच्या आत वेगळ्या आकड्यांवर उभे असतात, लक्ष्य बदलले की ते पुन्हा जुळवावे लागतात. आणि एवढी जागा खाऊन काटा एकच आकडा सांगतो, काल काय होते ते सांगत नाही.

त्याऐवजी मोठा आकडा, शेजारी आडवी पट्टी आणि लक्ष्याची उभी रेघ. शिवाय ओईई एकटा दाखवू नका, त्याचे तीन भागही दाखवा. पाळी ४८० मिनिटांची, सुट्टी ३०, उरली ४५०. मशीन ६० मिनिटे बंद, चालली ३९०: उपलब्धता ८६.७ टक्के. एका नगाला ४५ सेकंद धरले तर ३९० मिनिटांत ५२० नग व्हायला हवेत, झाले ४६८: वेग ९० टक्के. त्यातले चांगले ४५९: गुणवत्ता ९८.१ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७६.५ टक्के. नुसत्या ७६.५ वरून सुपरवायझरला काहीच करता येत नाही. तीन भाग दिसले की आज मशीन बंद पडण्याने सर्वाधिक खाल्ले, हे त्याला लगेच कळते. ताळा सोपा आहे: ४५९ नग गुणिले ४५ सेकंद म्हणजे ३४४.२५ मिनिटे, भागिले ४५०. तेच ७६.५ यायला हवे.

अक्षरांचा ढोबळ नियम असा की दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंची. मशीनवरचा माणूस ६ मीटरवर असेल तर अंक ५ सेंटिमीटर उंच हवेत. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे मधली जागा धरून पाचच ओळी नीट मावतात. सहावी घालायची असेल तर दुसरा पडदा करा आणि ३० सेकंदांनी आलटून पालटून दाखवा. वीज जाऊन आली की टीव्ही स्वतःच्या होम स्क्रीनवर थांबतो. म्हणून मागे छोटा संगणक जोडून तो यूपीएसवर ठेवा, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ हा पर्याय लावा आणि डॅशबोर्डची फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. टीव्हीतही शेवटचा एचडीएमआय इनपुट लक्षात ठेवण्याची सोय आहे का, ते विकत घेण्याआधी दुकानातच प्लग काढून पाहा.