पाण्याचं भांडं उचलू नका, आधी त्या इंजेक्शनचं नाव विचारा

तुमची पोस्ट वाचून डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षांची लॅब्रॅडोर, वजन २८ किलो, दिवसाला साडेतीन लिटर पाणी, झोपेत अंथरूण ओलं. मागच्या महिन्यात खाजेसाठी इंजेक्शन दिलेलं, आणि वर डॉक्टरांचा सल्ला की उन्हाळा आहे, रात्री भांडं उचलून ठेवा. आमच्या गावठी बोक्याच्या वेळी (बोका हे कुत्र्याचंच नाव, हसू नका) अगदी हेच ऐकलं होतं.

भांडं अजिबात उचलू नका. इतकी तहान लावणाऱ्या बहुतेक आजारांत मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे जातं, म्हणून तहान लागते. पाणी तोडलं तरी लघवी व्हायची ती होतेच, जनावर मात्र आतून सुकतं. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं की जास्त धरतात. तुमच्या हिशेबाने ती मर्यादा २.८ लिटर. सगळा दोष उन्हाळ्यावर ढकलण्यासारखा हा आकडा नाही.

आता ते इंजेक्शन. खाजेवर पटकन उतार पडणारी बरीच इंजेक्शनं स्टिरॉइडची असतात. त्याने तहान, भूक, लघवी, धाप सगळंच वाढतं, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकाराचा असर कित्येक आठवडे राहू शकतो. औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही, खाजेने कातडी सोलवटलेल्या कुत्र्याला त्याचाच आधार असतो. पण नाव लिहायला काय जातं? आमच्या फाइलवर नुसतं 'खाजेचं इंजेक्शन', नाव नाही, मात्रा नाही. काउंटरवर विचारलं तर "डॉक्टर सांगतील", डॉक्टरांना विचारलं तर "साधं ॲलर्जीचं आहे हो". त्या भरवशावर आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे रक्तात एएलपी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं निघालं, कुशिंग्जची (शरीरच जास्त स्टिरॉइड बनवतं तो आजार) शंका आली, महागड्या हार्मोनच्या तपासण्या झाल्या. स्टिरॉइडने एएलपीही वाढतं आणि त्या तपासण्यांचे आकडेही बिघडतात, त्यामुळे सगळा खर्च पाण्यात. शेवटी पहिल्याच दवाखान्यातल्या कंपाउंडरने ट्रेमधली बाटली उचलून दाखवली: ट्रायमसिनोलोन. एका शब्दाचं काम होतं!

म्हणून नाव, मात्रा आणि तारीख लिहूनच घ्या. नाही म्हणाले तर भांडा. तो तुमचा हक्क आहे.

मी डॉक्टर नाही, आणि तुमच्याकडे कारण इंजेक्शनच असेल असंही नाही. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल आणि माज येऊन एक-दोन महिने झाले असतील, तर बाकी सगळं सोडून आजच सोनोग्राफी करा. गर्भाशयात पू झाला की कुत्र्या अशाच पाणी पितात, आणि गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. ते जिवावर बेततं.

ते नसेल तर सकाळची पहिली लघवी तपासायला न्या. लांब दांड्याची जुनी पळी मागून हळूच सरकवायची. समोरून गेलात की ती बसलेली उठते. साखर लघवीत बुडवायच्या तपासपट्टीवर कळते. लघवी किती घट्ट आहे (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) ते मात्र रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावरच बघायला सांगा, कुत्र्यांच्या बाबतीत त्यासाठी पट्टीचा भरवसा नाही. रक्तात साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि कॅल्शियम बघायला सांगा. कॅल्शियम बरेच जण विसरतात.

पाणी मोजताना घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्या आई येता-जाता भांडं भरायच्या आणि आमचा हिशेब बोंबलायचा. कोरड्या खाण्यावरून दहीभातावर आणलंत तरी आकडा बदलतो, तेव्हा मोजणी होईपर्यंत खाणं बदलू नका.

इंजेक्शनबरोबर गोळ्याही दिल्या असतील तर घाबरून एकदम बंद करू नका, स्टिरॉइड हळूहळूच उतरवावं लागतं. आणि कानाचे थेंब किंवा मलम चालू असेल तर त्याचंही खोकं वाचा. बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन लिहिलेलं असेल तर तेही स्टिरॉइडच, डॉक्टरांना आवर्जून दाखवा.