प्रत्यंचा चढवणे, ओढणे आणि उतरवणे

प्रश्न असा आहे : ‘त्याने प्रत्यंचा चढवली आणि बाण सोडला’ या वाक्यात ‘चढवली’ऐवजी ‘ओढली’ चालेल का? दोन्हींचा अर्थ एकच ना?

एकच नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यामध्ये बाण जोडण्याचं काम येतं.

लाकडी धनुष्य वापरात नसताना त्याची दोरी, म्हणजेच प्रत्यंचा, सैल असते. दोरीचा एक फास खालच्या टोकाच्या खाचेत बसलेला असतो, दुसरा वरच्या टोकापासून थोडा खाली, दांड्यावर लोंबत असतो. खालचं टोक पावलाशी अडवायचं, मांडीचा रेटा देऊन दांडा वाकवायचा आणि तो फास सरकवत वरच्या खाचेत नेऊन बसवायचा. फास खरोखरच वर चढतो! संस्कृतात या कामाला ‘आरोपण’ म्हणतात, तोही चढवण्याचाच शब्द. दोरी नीट बसली की बोटाने छेडल्यावर टणत्कार होतो.

मग बाणाची खाच दोरीवर बसवायची, ते संधान. त्यानंतर दोरी ओढायची, ताणायची किंवा खेचायची. कानापर्यंत नेली तर ‘आकर्ण’. वाल्मीकी रामायणात राम शिवधनुष्याला आधी दोरी चढवतो, मग ती ओढतो आणि तेव्हा ते मधोमध मोडतं. त्या कथेपुरतं तरी ‘प्रत्यंचा चढवताना मोडलं’ हे बरोबर नाही.

तिसरं क्रियापद ‘उतरवणे’. लेखनात ते फारसं दिसत नाही याची मला खरंच खंत वाटते, कारण लाकडी धनुष्याचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं. धनुष्य वाकतं तेव्हा दांड्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि नेमबाजाकडची दाबली जाते. म्हणून कारागीर बाहेरच्या बाजूला लाकडाचं एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतो आणि दोन्ही बाहू (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखे वाकेपर्यंत आतली बाजू थोडी थोडी तासत जातो. बाहेरचा थर कापला गेला तर तिथूनच चीर जाते. दोरी तासन्‌तास चढवलेली राहिली तर आतले तंतू दबलेलेच राहतात, दोरी काढल्यावरही दांडा पुरता सरळ होत नाही आणि बाणाचा जोर घटतो. लाकडात ओल असेल तर हे आणखी लवकर होतं. त्यामुळे काम संपलं की प्रत्यंचा उतरवायची आणि धनुष्य आडवं ठेवायचं, कोपऱ्यात उभं टेकवायचं नाही. ‘भिंतीवर प्रत्यंचा चढवलेलं जुनं धनुष्य टांगलं होतं’ हे वाक्य जाणकाराला खटकतं ते यामुळेच.

दोरीला प्रतिशब्द पुष्कळ : ज्या, गुण, शिंजिनी, मौर्वी. मौर्वी म्हणजे मुळात मूर्वा या वनस्पतीच्या तंतूंची दोरी. ‘जीवा’ही त्यातलाच, शाळेच्या भूमितीत वर्तुळाची जीवा शिकलो ती हीच. यांतला कोणताही शब्द घेतलात तरी क्रियापदं तीच राहतात.

आता तुमचं वाक्य. योद्धा आधीच सज्ज उभा असेल तर ‘ओढली’ लिहा. त्याने धनुष्य नुकतंच हाती घेतलं असेल तर ‘चढवली’ राहू द्या, पण मग बाण सुटण्याआधी ‘ओढली’ही यायला हवं : ‘त्याने प्रत्यंचा चढवली, बाण जोडला आणि दोरी आकर्ण ओढून सोडला.’