क्विझ झाली, पण बजेट लावता येईना

प्रश्न : मी कॉलेजात डिजिटल मार्केटिंग शिकवते. मुलं सीटीआर (जाहिरात बघणाऱ्यांपैकी किती टक्के क्लिक करतात), सीपीसी (एका क्लिकचा खर्च) यांच्या व्याख्या धडाधड सांगतात पण हातात बजेट दिलं की गप्प. मोबाईलवर क्विझ घेऊन बघितल्या, वर्गात मजा येते, पुढे काहीच नाही. गेममधून हे खरंच शिकवता येतं का?

उत्तर : येतं हो, पण गेम कुठला यावर सगळं आहे. क्विझमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, मार्केटिंगमध्ये मात्र तुम्ही पैसे कुठे लावता आणि समोरचा काय करतो त्यावर ते बदलत राहतं, म्हणून निर्णय चुकला की पैसे जातील असा गेम हवा. त्याला सॉफ्टवेअर लागतंच असं नाही.

गूगल सर्चमधली जाहिरातीची जागा लिलावाने ठरते, तसाच लिलाव कागदावर घेऊन बघा. प्रत्येक टीमला १००० पॉइंट द्या, फळ्यावर एक कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाइप करतात तसा शब्द, लिहा, टीमने दोन ओळींची जाहिरात लिहायची आणि एका क्लिकला किती देणार ती बोली चिठ्ठीवर गुपचूप लिहायची. जाहिरात कीवर्डला किती लागू पडते याचे १ ते १० मार्क तुम्ही द्या. बोली गुणिले मार्क, ज्याचा आकडा मोठा तो वर. समजा एकीची बोली ४० आणि मार्क ४, झाले १६०. दुसरीची बोली २५च पण मार्क ८, म्हणजे २००. कमी बोलीवाली वर गेली! आणि तिला २५ पण भरायचे नाहीत, खालच्या टीमचे १६० भागिले स्वतःचे ८, म्हणजे २० पेक्षा किंचित जास्त, बस. चांगली जाहिरात स्वस्त का पडते हे मुलांना इथे जसं कळतं तसं स्लाइडवरून कळत नाही. खेळ झाल्यावर एवढं मात्र सांगा की गूगलचा खरा लिलाव याहून गुंतागुंतीचा आहे, जाहिरातदाराच्या अकाउंटमध्ये दिसणारा क्वालिटी स्कोअर (जाहिरातीच्या दर्जाचे १ ते १० मार्क) थेट लिलावात वापरत नाहीत, दर्जा प्रत्येक सर्चच्या वेळी नव्याने मोजला जातो.

आणि कुठल्याही गेममध्ये किती क्लिक मिळाले यावर जिंकणारा ठरवू नका प्लीज, मुलं लगेच भडक आणि खोटी आश्वासनं लिहायला लागतात. स्कोअर विक्रीवरच ठेवा.

ए/बी टेस्टिंगसाठी, म्हणजे दोन जाहिरातींपैकी कुठली जास्त चालते ते तपासायला शिकवण्यासाठी, तर नाणं पुरे. एकच नाणं 'अ' जाहिरात म्हणून २० वेळा उडवा, मग तेच 'ब' म्हणून २० वेळा, छापा पडला की विक्री. बऱ्याचदा एकाला ८, दुसऱ्याला १२ असं काहीतरी येतं आणि मुलं ठामपणे विजेता सांगून मोकळी होतात, मग विचारा, नाणं तर एकच होतं ना? थोड्या आकड्यांवर उड्या मारायची सवय मला या विषयातली सगळ्यात महागडी चूक वाटते, त्यामुळे इथे घाई करू नका, खेळाइतकाच वेळ चर्चेला द्या.

त्यानंतर गूगल ॲनालिटिक्सचं (वेबसाइटवर कोण येतं, काय करतं ते मोजणारं टूल) डेमो अकाउंट उघडा, फुकट आहे, त्यात गूगलच्या स्वतःच्या मर्चंडाइज स्टोअरचा, म्हणजे गूगलच्या नावाच्या वस्तू विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, खरा डेटा असतो.