बीएडला नक्की काय शिकवतात? बीएस्सीचं गणित परत करायचं का?

नाही, गणित परत शिकवत नाहीत, ते मुलांना कसं शिकवायचं हे शिकवतात. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झालाय. थिअरीत मुलांची वाढ न् मानसशास्त्र, भारतातलं शिक्षण, मूल्यमापन, जेंडर, सर्वसमावेशक शिक्षण आणि तुमच्या विषयाचं अध्यापनशास्त्र असतं, ते वाचून होतं, त्याचं टेन्शन नको.

खरी मजा सूक्ष्म अध्यापनात आहे. समोर वर्गातलीच पाच-दहा जणं विद्यार्थी बनून बसतात, तुम्ही पाच-सहा मिनिटं एकच कौशल्य घ्यायचं, म्हणजे नुसतं फलकलेखन किंवा नुसतं प्रश्न विचारणं, मग सगळे चुका सांगतात आणि तोच पाठ सुधारून परत घ्यायचा. मला तिथं कळलं की मी प्रश्न विचारते आणि दोन सेकंदांत उत्तरही मीच देऊन टाकते!

मग इंटर्नशिप, दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत. पाठ टाचणं, म्हणजे तास कसा घ्यायचा याचे लेखी आराखडे, लिहून लिहून हात दुखतो पण प्लीज कुणाची कॉपी करू नका, अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करायचे की कागदाची घडी घालायची हे स्वतः ठरवलंत तरच वर्गात उभं राहता येतं. कॉलेज निवडताना इंटर्नशिप खरंच करून घेतात का, ते आधी तिथल्या मुलांना विचारा.