युनियनची सामायिक पेन्शन: हो म्हणण्याआधी कोणते कागद मागायचे

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, आयटीआय वायरमन, फॅमिली ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत यायचं आहे. युनियन लोकलच्या (स्थानिक शाखेच्या) हॉलमधून काम मिळेल, सोबत पेन्शन आहे. दुसरा पर्याय मेहुण्यांच्या मालवाहतूक कंपनीत निम्मी भागीदारी. त्यांचे चौदा ड्रायव्हर युनियनचे आणि त्यांचीही पेन्शन आहेच. दोन्ही ठिकाणी योजना एकाच जातीची आहे, पण कामगाराची जोखीम मर्यादित असते. मालकाची जोखीम घर विकायला लावू शकते, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आपल्याकडे माथाडी मंडळात अनेक मालक लेव्ही भरतात आणि पैसा मंडळाकडे जमतो, तसंच इथे अनेक कंपन्या दर तासामागे ठरलेले डॉलर एका ट्रस्टमध्ये भरतात. १९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानुसार या ट्रस्टवर निम्मे ट्रस्टी युनियनचे आणि निम्मे मालकांचे असतात. मात्र पीएफच्या पासबुकात दिसते तशी तुमच्या नावावरची शिल्लक इथे नसते. पीएफसोबतच्या ईपीएस पेन्शनसारखाच हा महिन्याला अमुक देऊ असा वायदा असतो.

वायदा मोडतो तो असा. एखादी कंपनी बुडाली, तरी तिच्या जुन्या कामगारांची पेन्शन फंडाच्या गळ्यात राहते आणि ती उरलेल्या कंपन्यांच्या भरण्यातून द्यावी लागते. १९८०मध्ये ट्रकिंगवरची सरकारी बंधनं सैल झाली, त्यानंतर जुन्या युनियन कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. ड्रायव्हरांच्या सेंट्रल स्टेट्स फंडातून यूपीएस २००७मध्ये ६.१ अब्ज डॉलर मोजून बाहेर पडली, मग २००८चा बाजार कोसळला. शेवटी २०२२च्या डिसेंबरात सरकारने सुमारे ३५.८ अब्ज डॉलर घालून तो फंड वाचवला. ही मदत २०५१पर्यंत पुरावी असा हिशेब आहे. तुमची पासष्टी त्यानंतर येते, हे लक्षात ठेवा.

फंड बुडालाच तर पीबीजीसी ही सरकारी विमा संस्था पैसे देते, पण फार कमी. नोकरीच्या दर वर्षामागे महिन्याच्या पेन्शनचे पहिले ११ डॉलर पूर्ण, पुढच्या ३३ डॉलरचे ७५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३५.७५ डॉलर. दर वर्षाला ६० डॉलर या दराने ३० वर्षांची तुमची पेन्शन १,८०० डॉलर होते, हातात पडतील १,०७२.५०. ही मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढत नाही.

कामगार म्हणून पहिला टप्पा वेस्टिंगचा, म्हणजे हक्क पक्का होण्याचा. त्याला साधारण पाच वर्षं लागतात आणि वर्ष धरलं जातं बहुधा १,००० तास भरले की. ५०० किंवा कमी तास झाले तर तो खंड. हक्क पक्का व्हायच्या आत असे पाच खंड लागोपाठ पडले तर आधीची वर्षं पुसली जाऊ शकतात. गावी लांबलचक राहायला जाणाऱ्यांनी हे आधी मोजावं. दुसऱ्या लोकलच्या हद्दीत काम केलंत तर तास तुमच्या मूळ फंडाकडे वळवण्याचा फॉर्म काम सुरू होतानाच भरा.

पगाराच्या स्लिपा फेकू नका. स्लिपवर महिन्याचे १६८ तास आणि फंडाच्या विवरणात १२८ दिसले, तर कंत्राटदाराने ४० तासांचे पैसे भरलेले नसण्याची दाट शक्यता असते. लगेच लेखी कळवलं तर ते निस्तरतं. दहा वर्षांनी तो कंत्राटदारच सापडत नाही. हॉलमध्ये मजुरीचा तपशील मागा: तासाला हातात किती, आरोग्य विम्याला किती, पेन्शनला किती आणि अॅन्युइटीला किती. अॅन्युइटी खात्यातली रक्कम तुमच्या नावावर असते. माझ्या मते दोन लोकलमध्ये निवड करता आली, तर अॅन्युइटीचा भाग मोठा असलेली घ्यावी.

सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन वेगळी, तिला ४० क्रेडिट म्हणजे किमान दहा वर्षांचं काम लागतं. भारत-अमेरिका यांच्यात सेवा जोडून धरण्याचा करार नाही. त्यामुळे सात वर्षांत परतलात तर युनियनची पेन्शन पक्की, सोशल सिक्युरिटी शून्य.

फंडाची तब्येत वार्षिक फंडिंग नोटिशीत दिसते. देण्याच्या तुलनेत फंडाकडे किती पैसा आहे याची टक्केवारी ८०च्या खाली म्हणजे बहुधा पिवळा (धोक्याचा) झोन, ६५च्या खाली लाल (गंभीर) झोनची शक्यता. पण मी आधी माणसांचे आकडे बघतो: कामावर किती, पेन्शन घेणारे किती, आणि काम सोडून गेलेले पण हक्क असलेले किती. काम करणाऱ्या एकामागे तीन-चार खाणारे असतील, तर आजच्या टक्केवारीवर विसंबू नका. लाल झोनमध्ये लवकर निवृत्तीच्या सवलती कापता येतात आणि मालकांवर आधी ५, मग १० टक्के सरचार्ज बसतो.

आता मेहुण्यांची कंपनी. १९८०च्याच, पण पेन्शनवरच्या वेगळ्या कायद्याने फंडातून बाहेर पडणाऱ्या मालकाला फंडाच्या तुटीतला वाटा भरावा लागतो. त्याला विथड्रॉअल लायबिलिटी म्हणतात. एरवी ती ताळेबंदात दिसत नाही, खरी मेख इथेच आहे. कंपनी बंद केली, ड्रायव्हरांनीच युनियन सोडली, तरी बिल येतं. काम ७० टक्क्यांनी घटून तीन वर्षं तसंच राहिलं, तर अंशतः बाहेर पडल्याचं बिल येतं.

वार्षिक हप्ता साधारण असा निघतो: मागच्या दहा वर्षांतला भरण्याचा सर्वांत मोठा दर (सरचार्ज सोडून) गुणिले सलग तीन वर्षांच्या तासांची सर्वांत मोठी सरासरी. दर तासाला ६ डॉलर आणि सरासरी ३०,००० तास असतील तर वर्षाला १,८०,००० डॉलर. पुढे चौदाचे आठच ड्रायव्हर उरले, तरी ते कारण चालत नाही. वाटा फिटेपर्यंत, साधारणपणे जास्तीत जास्त २० वर्षं, हप्ते भरायचे. सगळेच मालक बाहेर पडले तर ती वीस वर्षांची मर्यादाही जाते. हिशेब चुकीचा वाटला तरी हप्ता आधी भरावा लागतो. फेरतपासणी मागायला ९० दिवस मिळतात, त्यानंतर लवाद. तारीख चुकली की वादच संपला.

साधी भागीदारी केलीत तर तुमची वैयक्तिक मालमत्ताही यात ओढली जाते. शिवाय ८० टक्के मालकी त्याच मोजक्या माणसांची असलेले इतर धंदे कायदा एकच मालक धरतो. गोडाऊन मेहुण्यांच्या नावावर असून कंपनीला भाड्याने दिलं असेल, तर ते भाडंही धंदा ठरून गोडाऊनवर वसुली येऊ शकते. शेअर घेतले तर जुनी जबाबदारी कंपनीबरोबर येते. फक्त ट्रक आणि गिऱ्हाइकं विकत घेण्याचा व्यवहार विशेष कलमाखाली करता येतो, पण त्यात विकत घेणाऱ्याला पाच वर्षांचा बाँड (हमी) द्यावा लागतो.

म्हणून मेहुण्यांना आजच फंडाकडे लायबिलिटीच्या अंदाजाची लेखी मागणी करायला सांगा. हा अंदाज मालकाला बारा महिन्यांत एकदा मागता येतो आणि तो द्यायला फंडाकडे १८० दिवस असतात. तो आकडा हातात येईपर्यंत टोकन रक्कमसुद्धा देऊ नका.